मुंबई इंडियन्स: एका नावाचे दोन संघ

मुंबईला क्रिकेट शिकवायला कोणा उद्योगसमूहाची गरज कधीच नव्हती. भर पावसाळ्यात ओल्या खेळपट्टीवर खेळली जाणारी कांगा लीग १९४८पासून चालू आहे. शाळांच्या हॅरिस आणि गाइल्स शिल्डमधून पिढ्यान्‌पिढ्या फलंदाज घडले आणि मार्च २०२४मध्ये वानखेडेवर विदर्भाला हरवून मुंबईने रणजी करंडक ४२व्यांदा जिंकला. अशा शहराचं नाव लावून २००८च्या जानेवारीत एक व्यावसायिक संघ उभा राहिला. रिलायन्सने त्यासाठी दहा वर्षांकरता ११ कोटी १९ लाख डॉलर मोजले. आयपीएलच्या पहिल्या आठ संघांत ही सर्वांत मोठी बोली होती. त्यानंतर २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतेपदं या संघाने मिळवली. तरीही एक प्रश्न उरतोच: या संघाने मुंबईच्या, किंवा एकूण भारतीय क्रिकेटच्या पदरात असं काय टाकलं, जे त्याच्याशिवाय मिळालंच नसतं? मला वाटतं, त्याचं खरं उत्तर पुरुष संघाच्या पाच करंडकांत सापडत नाही. ते २०२३मध्ये याच नावाने मैदानात उतरलेल्या महिला संघात सापडतं. या संस्थेचं मोजमाप करायचं तर ते त्या संघावरूनच करायला हवं.

पुरुष संघाचं श्रेय आधी नीट मांडलं पाहिजे, कारण ते थोडं नाही आणि बहुतेकदा चुकीच्या गोष्टीला दिलं जातं. मोठ्या रकमेला मोठे खेळाडू विकत घेणं कोणत्याही श्रीमंत संघाला जमतं. मुंबईने खरं काम केलं ते शोध घेण्याचं. २०१३मध्ये प्रशिक्षक जॉन राइट यांच्या नजरेत गुजरातचा एक वेगळ्याच शैलीचा गोलंदाज भरला, तेव्हा जसप्रीत बुमरा रणजीचा एकही सामना खेळलेला नव्हता. त्या एप्रिलमध्ये बंगळुरूत पहिल्याच षटकात त्याने विराट कोहलीकडून चौकार खाल्ले, त्याच षटकात त्याला पायचीत पकडलं आणि ३२ धावांत ३ बळी घेऊन तो परतला. हार्दिक पंड्या २०१५मध्ये अवघ्या १० लाखांत आला. अलीकडचं उदाहरण विघ्नेश पुथुरचं. मलप्पुरमच्या रिक्षाचालकाचा हा मुलगा केरळच्या वरिष्ठ संघाकडूनही खेळलेला नव्हता, आणि मार्च २०२५मध्ये चेपॉकवर पहिल्याच सामन्यात त्याने आपल्या पुण्याच्या ऋतुराज गायकवाडसह तिघांना बाद केलं. राज्य संघटनांच्या चाळणीतून जे निसटतात, त्यांना हेरणारी वर्षभर फिरती माणसं पदरी बाळगणं ही या संस्थेची जमेची मोठी बाजू आहे. तरीही प्रामाणिकपणे म्हणायचं तर यांतले बहुतेक पुरुष खेळाडू आज ना उद्या दुसऱ्या वाटेने वर आले असते. रणजी होतीच, मुश्ताक अली करंडक होता, नोकऱ्या देणाऱ्या कंपन्यांचे संघ होते. फ्रँचायझीने त्यांचा प्रवास लवकर घडवला. वाट आधीपासून होती.

महिलांची गोष्ट तशी नाही. भारतीय महिला क्रिकेट संघटना १९७३मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्यात पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली. संघ तीनच, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ हा खेळ बीसीसीआयच्या कक्षेबाहेर, स्वतःच्या तुटपुंज्या बळावर चालला. २००६मध्ये विलीनीकरण झालं, तोवर भारताच्या मुलींना पोसलं ते प्रामुख्याने रेल्वेने, नोकरी देऊन. आयपीएलमध्ये पैशाचा पूर आला तेव्हाही महिलांसाठी मे २०१८मध्ये वानखेडेवर एक प्रदर्शनीय सामना झाला आणि मग मोजक्या संघांची चार-सहा दिवसांची स्पर्धा, एवढंच हाती आलं. ऑस्ट्रेलियात २०१५-१६पासून बिग बॅशच्या प्रत्येक क्लबचा महिला संघ होता. हरमनप्रीत कौर २०१६मध्ये सिडनी थंडरशी करारबद्ध झाली. तिथल्या लीगमध्ये करार झालेली ती पहिली भारतीय खेळाडू. म्हणजे ज्या कर्णधाराने पुढे मुंबईला महिला लीगचं विजेतेपद मिळवून दिलं, तिला फ्रँचायझी क्रिकेट शिकायला सहा-सात वर्षं आधी परदेशी जावं लागलं. ही उशिराची लाज आपल्या सगळ्यांची आहे.

वुमेन्स प्रीमियर लीगच्या संघांचा लिलाव २५ जानेवारी २०२३ला झाला, आणि मुंबईच्या संघासाठी दहा वर्षांकरता ९१२ कोटी ९९ लाखांची बोली लागली. २००८मधली पुरुष संघाची किंमत त्या वेळच्या दराने रुपयांत साडेचारशे कोटींच्या आसपास होती, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं. ४ मार्चला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर स्पर्धेचा पहिला सामना झाला. हरमनप्रीतने ३० चेंडूंत ६५ धावा केल्या, मुंबईने २०७ धावा उभारल्या आणि गुजरातचा डाव ६४ धावांत आटोपला. त्या दिवशी ११ धावांत ४ बळी घेणारी गोलंदाज होती कोलकात्याची डावखुरी फिरकीपटू सायका इशाक, लिलावात १० लाखांच्या मूळ किमतीला घेतलेली. त्या हंगामात तिने १५ बळी मिळवले आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध ती भारताकडून खेळली. २६ मार्चला ब्रेबॉर्नवर अंतिम सामना झाला. दिल्लीची अवस्था ९ बाद ७९ असताना गोव्याची शिखा पांडे आणि मुंबईची राधा यादव यांनी शेवटच्या जोडीसाठी नाबाद ५२ धावा जोडल्या, तरी नॅट सिव्हर-ब्रंटच्या नाबाद ६०च्या बळावर मुंबईने ७ गडी राखून करंडक जिंकला. मार्च २०२५मध्ये ब्रेबॉर्नवरच, पुन्हा दिल्लीविरुद्ध, हरमनप्रीतच्या ४४ चेंडूंतल्या ६६ धावांनी १४९ची मजल गाठून दिली आणि ८ धावांनी दुसरं विजेतेपद आलं.

करंडकांपेक्षा मोलाचा वाटतो तो २३ फेब्रुवारी २०२४चा एक चेंडू. बंगळुरूत दिल्लीविरुद्ध १७२ धावांचा पाठलाग चालू होता. अखेरच्या चेंडूवर ५ धावा हव्या होत्या, म्हणजे चौकारही पुरणार नव्हता. खेळपट्टीवर आली वायनाडची एस. सजना, लीगमधला तिचा पहिलाच चेंडू खेळायला. ॲलिस कॅप्सीचा चेंडू पडायच्या आत तिने पाय पुढे टाकला आणि तो लाँगऑनच्या डोक्यावरून थेट सीमापार भिरकावला. सजना कुरिचिया या आदिवासी समाजातली. वर्षानुवर्षं केरळकडून देशांतर्गत क्रिकेट खेळत आलेली. तिच्या अंगी ही ताकद त्या संध्याकाळी अचानक उगवली नव्हती. दोन महिन्यांनी तिने बांगलादेशात भारताची टोपी घातली. लीग नसती तर केरळच्या संघातली एक उपयुक्त अष्टपैलू म्हणूनच तिची कारकीर्द संपली असती, असं मला ठामपणे वाटतं. बुमराविषयी असं म्हणता येत नाही, सजनाविषयी म्हणता येतं. दोन संघांतला फरक मी मांडतो आहे तो नेमका इथे आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो ‘मुंबई’ या शब्दावर. या संघात मुंबईचं आहे कोण? सांगलीची स्मृती मानधना पहिल्या लिलावात ३ कोटी ४० लाखांना बंगळुरूकडे गेली, मुंबईनेही तिच्यासाठी जोर लावला होता तरी. वांद्र्याच्या मैदानांवर वाढलेली जेमिमा रॉड्रिग्ज दिल्लीकडे, राधा यादव दिल्लीकडे, सोलापूरची किरण नवगिरे यूपीकडे. मुंबईच्या पहिल्या चमूत हुमैरा काझीसारखं एखादं स्थानिक नाव होतं, आणि मदतनीसांत फलंदाजी प्रशिक्षक म्हणून देविका पळशीकर. आक्षेप खरा आहे, पण त्याचा रोख लिलावाच्या पद्धतीकडे हवा. तिथे गावचा खेळाडू गावाला मिळेल याची सोय नाही. शिवाय शहराचं नातं केवळ जन्मगावातून जुळत नाही. २०२४च्या हंगामाआधी रोहित शर्माला बाजूला करून हार्दिकला कर्णधार नेमलं, तेव्हा वानखेडेवर आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडवली गेली आणि संघ तळाला गेला. ते वागणं शोभणारं नव्हतं. पण ज्या संघाला आपण परका मानतो, त्याच्या कर्णधारपदावरून कोणी इतकं चिडत नाही. सोळा हंगामांत, बहुतेकदा घरच्या मैदानावर खेळून, बघून, हरून-जिंकून ही मालकीची भावना तयार झाली. महिला संघाविषयी ती अजून तयार झालेली नाही, याचं कारणही त्यातच आहे, त्याकडे येतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. हा सगळा मालकांचा धंदा, महिला संघ म्हणजे प्रतिमेसाठी केलेली सजावट, असं म्हटलं जातं. हिशेब करून पाहू. लीगचे पहिल्या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ९५१ कोटींना गेले, म्हणजे वर्षाला १९० कोटी. ते सगळेच्या सगळे पाच संघांत वाटले तरी प्रत्येकी ३८ कोटी होतात, आणि मुंबईची वर्षाची फी आहे ९१ कोटी. नुसत्या सजावटीसाठी एवढी तूट कोणी दहा वर्षं अंगावर घेत नाही. ही गुंतवणूक हा खेळ मोठा होणार या भरवशावरची आहे. मात्र हेही सांगितलं पाहिजे की हक्क घेणारी वायाकॉम१८ ही कंपनी त्याच उद्योगसमूहातली होती. संघ आणि प्रक्षेपण एकाच घरात असणं मला पटत नाही. खेळाडूंच्या वाट्याचं चित्रही अजून ओशाळवाणं आहे: २०२५च्या हंगामासाठी पुरुष संघाला १२० कोटी खर्चायची मुभा होती, महिला संघाला १५ कोटी. आणि मुंबई इंडियन्सने केपटाउन, अमिराती आणि न्यूयॉर्क इथे संघ उभे केले ते सगळे पुरुषांचे. लंडनच्या ओव्हल इन्व्हिन्सिबल्समध्ये ४९ टक्के वाटा घेतला, तेव्हा कुठे दुसरा महिला संघ त्यांच्या गोतावळ्यात आला.

तिसरा आक्षेप श्रेयाचा. २ नोव्हेंबर २०२५ला डी. वाय. पाटीलवर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तो लीगमुळे, असं म्हणणं अतिशयोक्तीचं ठरेल. प्रशिक्षक अमोल मुझुमदार हे मुंबईच्या मैदानी क्रिकेटचं लेणं, भारताकडून एकही सामना न खेळलेले. हरमनप्रीत, स्मृती, दीप्ती शर्मा लीगच्या कितीतरी आधीपासून उभ्या आहेत. हे सगळं मान्य. पण अंतिम सामन्यात शतक ठोकलेल्या लॉरा वोल्वार्टचा उंच उडालेला झेल मुंबई इंडियन्सच्याच अमनजोत कौरने हातातून दोनदा सुटूनही तिसऱ्या खेपेला पकडला, तेव्हा भरगच्च मैदानात, दिव्यांखाली, सामना फिरवणाऱ्या क्षणाचा दबाव तिला नवा नव्हता. पूर्वीच्या पिढ्यांतल्या गुणी मुलींना असा सराव वर्षातून एकदाही मिळत नसे.

हा सराव मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर कितीदा होतो? पुरुष संघ साखळीत चौदा सामने खेळतो, त्यांतले सात वानखेडेवर. महिला संघाला साखळीत आठच सामने, आणि २०२४मध्ये पूर्ण स्पर्धा बंगळुरू आणि दिल्लीत झाल्याने त्यांतला एकही मुंबईत नव्हता. २०२३ ते २०२५ या तीन हंगामांत लीगचा एकही सामना वानखेडेवर झाला नाही. वेळापत्रक बीसीसीआय ठरवते, संघ नाही, हे खरं. प्रेक्षक येणार नाहीत, मैदान मोठं आहे, हेही ऐकवलं जातं. पण डिसेंबर २०२३मध्ये याच वानखेडेवर भारताच्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला कसोटीत प्रथमच हरवलं. त्याच वर्षी १६ एप्रिलला शाळकरी मुलांसाठी राखलेल्या सामन्यात पुरुष संघाने महिला संघाची जर्सी घातली, नाणेफेकीला सूर्यकुमारसोबत हरमनप्रीत होती आणि स्टँडमध्ये हजारो मुली होत्या. त्या मुलींना हरमनप्रीतचा मुंबई इंडियन्स संघ त्याच मैदानावर खेळताना मात्र अजून दिसलेला नाही. इंग्लंडमध्ये ‘द हंड्रेड’ने २०२१पासून एकाच दिवशी, एकाच तिकिटावर, एकाच मैदानात दोन्ही संघ खेळवून दाखवले आहेत. बीसीसीआय, मुंबई क्रिकेट असोसिएशन आणि मुंबई इंडियन्स यांनी एकत्र बसून हे ठरवावं: महिला संघाला दर हंगामात घरचे किमान चार सामने, आणि त्यांतले निदान दोन वानखेडेवर. ते झाले की तिकीट काढून मैदान भरण्याची जबाबदारी आपली.