गोन्सालोंची आई कुठली?

माझी भाची सातवीत आहे. गेल्या महिन्यात शाळेच्या सामान्यज्ञानाच्या चाचणीत प्रश्न आला, 'भारताचे पहिले ख्रिस्ती संत कोण?' तिनं लिहिलं, संत गोन्सालो गार्सिया. बाईंनी लाल शाईनं फुली मारली आणि शेजारी 'संत अल्फोन्सा' असं लिहून दिलं. पोर रडवेली होऊन घरी आली. एक गुण गेला याचं तिला फारसं वाटत नव्हतं. विचारते कशी, "मावशी, आपल्या चर्चमध्ये खोटं सांगतात का गं?"

आम्ही वसईची माणसं. गोन्सालो गार्सिया हे आमच्या धर्मप्रांताचे आश्रयदाते संत. इथल्या कॉलेजला त्यांचं नाव, गासच्या चर्चला त्यांचं नाव. तरी ही फुली!

घोटाळा कुठं झाला ते सांगते. केरळच्या सिस्टर अल्फोन्सा १२ ऑक्टोबर २००८ रोजी संतपदाला पोहोचल्या. त्या भारताच्या पहिल्या महिला संत. पण बातम्यांमधून 'महिला' हा शब्द गळून पडला आणि राहिलं ते नुसतं 'पहिल्या संत'. एरवी महिला डॉक्टर, महिला सरपंच, महिला पोलीस असं जिथं तिथं आपल्याला चिकटवतात. जिथं खरंच हवा होता, नेमका तिथंच तो शब्द गेला! सिस्टर अल्फोन्सांबद्दल मनात आदरच आहे. पण गोन्सालोंना संत म्हणून घोषित केलं ते ८ जून १८६२ रोजी, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षं आधी.

त्यांची गोष्ट आपल्याकडे फार जणींना ठाऊक नाही. जन्म वसईचा, १५५७च्या सुमारासचा. वडील पोर्तुगीज, आई इथली. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली शिकले आणि मिसरूडही फुटलं नसेल अशा वयात त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथली भाषा अशी उचलली की जपानी माणसांत बसून त्यांना धर्म समजावून सांगायचे. एवढं करूनही संघात काही घेतलं नाही. मन मोडलं, व्यापारात शिरले, धंद्यात जमही बसला. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघानं त्यांना साधा बंधू म्हणून घेतलं. धर्मगुरू ते कधीच झाले नाहीत. १५९३मध्ये दुभाषी म्हणून परत जपानला गेले. तिथला सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर आपल्या गुरूंचं बोलणं जपानीत मांडायचं, हे त्यांचं काम.

१५९६च्या डिसेंबरात धरपकड झाली. क्योतोमध्ये डाव्या कानाचा तुकडा कापला, ऐन थंडीत गावोगाव मिरवत नागासाकीला नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी टेकडीवर क्रुसावर चढवून भाले खुपसले. एकूण सव्वीसजण होते, त्यांत बारा-तेरा वर्षांची पोरंसुद्धा. इथंच आमच्या संतांचं नाव मागं पडलं असं मला वाटतं. सव्वीस जणांना एकत्रच संतपद मिळालं, आणि जगभर त्यांचा सण 'पॉल मिकी आणि सोबती' या नावानं होतो. आमचे गोन्सालो सोबत्यांत.

भाचीच्या फुलीची गोष्ट मी आमच्या बचत गटाच्या बैठकीत काढली. हिशेब बाजूला राहिला आणि असा वाद रंगला की चहा निवून गेला. एकीचं म्हणणं, "अल्फोन्साबाईंचं १९९६ला टपाल तिकीट निघालं, २००९ला पाच रुपयांचं नाणं निघालं. केरळची माणसं मागतात म्हणून मिळतं. आपण मागायचंच नाही!" दुसरी म्हणाली, मोठा पुतळा उभारावा. तिसरीचं म्हणणं, पुतळ्याचे पैसे मुलींच्या फीला द्या.

मग एक शिकलेली सून हळूच बोलली, "पण ते अर्धे पोर्तुगीजच ना? लोक म्हणतील, हा कसला भारतीय संत?"

सगळ्या गप्प झाल्या. कारण खरी गोम हीच आहे. शाळेच्या इतिहासात वसई म्हटली की १७३९ आणि चिमाजी अप्पा. त्यांचा पराक्रम आम्हीही अभिमानानंच शिकलो. पण त्या धड्यानंतर मधल्या सुट्टीत 'ए पोर्तुगीज!' अशी हाक मी स्वतः ऐकलेली आहे. घरात मराठी, चर्चमध्ये मराठी, शेतात केळी आणि पानवेल, तरी आम्ही परके! म्हणून आमची वडीलधारी मंडळी गोन्सालोंचा सण चर्चच्या आवारात थाटानं करतात, पण बाहेर फार बोलत नाहीत. वडिलांचं नाव निघालं की पुन्हा तीच हाक येईल, ही धास्ती.

तांबडं लुगडं नेसणाऱ्या माझ्या चुलतसासूबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाप कुठलाही असू दे. नऊ महिने पोटात कोणी वागवलं? पहिला शब्द कोणी शिकवला? आई वसईची, म्हणजे पोर वसईचा."

लगेच दुसरा वाद! आई नेमकी कुठली? कोळणी म्हणाल्या आमच्यातली, वाडवळ म्हणाल्या आमची, सामवेदी तरी मागं कशाला राहतील? मी जी चरित्रं वाचली त्यांत त्या माउलीचं नावच सापडलं नाही. वडिलांचं आडनाव चारशे वर्षं टिकलं. आई मात्र 'एक स्थानिक स्त्री'.

नागासाकीच्या त्या टेकडीवर १९६२मध्ये सव्वीसही हुतात्म्यांच्या ब्राँझच्या मूर्ती बसवल्या. २०१९मध्ये पोप फ्रान्सिस तिथं जाऊन प्रार्थना करून आले. जपानी लोकांनी त्यांना परकं मानलं नाही आणि आम्ही मात्र इथं पुतळा की फी यावर भांडतोय. माझं मत विचाराल तर फीच. दोन भाषांमध्ये उभा राहणारा माणूस होता तो; आमच्या एखाद्या मुलीनं त्यांच्या नावानं जपानी शिकावी, हा मान मला चौथऱ्यापेक्षा मोठा वाटतो. अर्थात पुतळेवाल्या मैत्रिणीनं हे काही ऐकून घेतलं नाही.

मी तारखा कागदावर लिहून शाळेत गेले. बाई भल्या होत्या. त्यांनी गाईड उघडून दाखवलं, तिथं तसंच छापलेलं. गुण दिला, पण जाताना भाचीला म्हणाल्या, "स्पर्धा परीक्षेत मात्र अल्फोन्साच लिही हं."

म्हणून आता आम्ही गाईडच्या प्रकाशकाला पत्र पाठवतोय. मजकूर मी लिहिला, गटातल्या अठराही जणींनी सह्या केल्या. चुलतसासूबाईंनी पत्र दोनदा वाचून घेतलं आणि मगच सही केली. तीही एका अटीवर. 'वसईत जन्मलेले' हे खोडून मी तिथं 'वसईच्या आईचे पुत्र' असं लिहिलं, तेव्हा कुठं त्यांनी पेन हातात घेतलं.