मासा परतला, मुलांनी राखला

पावसाळा सुरू झाला की आरोग्य कर्मचारी गप्पी मासे घेऊन फिरू लागतात. पाण्याच्या हौदात चार-दोन गप्पी सोडले की ते डासांच्या अळ्या खातात, हे आता शाळकरी मुलांनाही पाठ झालं आहे. हिवताप आणि डेंगीविरुद्धच्या मोहिमेत गप्पीला मानाचं स्थान आहे. घरच्या टाक्या-हौदांपुरतं ते योग्यही आहे.

हाच गप्पी मेक्सिकोच्या झऱ्या-ओढ्यांत पोहोचला तेव्हा मात्र तिथल्या मूळच्या माशांना तो जाच ठरला. गप्पीचे नर तिथल्या संकटग्रस्त जातींच्या माद्यांना स्वतःच्या माद्या समजून त्यांच्या मागे लागतात आणि त्यांना हैराण करतात, असं २००८ मध्ये 'बायॉलॉजी लेटर्स' या नियतकालिकात संशोधकांनी दाखवून दिलं. बाहेरून आलेले मासे, नदीत मिसळणारी घाण आणि जागोजागी अडवलेलं पाणी यांमुळे मेक्सिकोतल्या अनेक गोड्या पाण्यातल्या माशांवर गदा आली. त्यातला एक मासा मात्र संपता संपता परत आला. त्याला नदीत परत आणलं शास्त्रज्ञांनी, पण आज नदीत त्याची राखण करतात ती प्रामुख्याने गावातली मुलं.

मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात, टकिला ज्वालामुखीच्या पायथ्याजवळ तेउचित्लान नावाचं छोटं गाव आहे. गोलाकार पायऱ्यांच्या प्राचीन पिरॅमिडांसाठी ते प्रसिद्ध आहे. गावाजवळच्या झऱ्यांतून निघणाऱ्या नदीत झूगोनेटिकस टकिला हा मासा राहत असे. त्याची लांबी जेमतेम सात सेंटिमीटर, नराच्या शेपटीवर नारिंगी रंगाची कोर. तो खाण्याच्या कामाचा नाही, बाजारात त्याला भाव नाही. त्यामुळे तो कमी होत गेला तेव्हा गावात कुणाला फारसं जाणवलंही नाही. २००३ पर्यंत तो नैसर्गिक अधिवासातून नाहीसा झाल्याचं मानलं जाऊ लागलं.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनेही हा मासा मोलाचा आहे. तो गुडिड कुळातला. या कुळातले मेक्सिकोतले मासे अंडी घालत नाहीत, पिल्लांना जन्म देतात. मादीच्या पोटात वाढणाऱ्या पिल्लाच्या आतड्याच्या शेवटच्या भागातून फितीसारखे धागे बाहेर येतात आणि त्यांतून पिल्लू आईकडून पोषण शोषून घेतं. माणसाच्या बाळाला नाळ आणि वार जे काम करून देतात, तेच काम निसर्गाने इथे वेगळ्याच अवयवाकडून करून घेतलं आहे. असा मासा गेला तर गर्भाच्या पोषणाचा एक निराळा नमुनाच कायमचा हातचा जातो.

सुदैवाने युरोपातल्या काही हौशी मत्स्यपालकांनी हा मासा आपल्या काचेच्या टाक्यांत जपला होता. १९९८ मध्ये इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयातून त्याच्या पाच जोड्या मेक्सिकोतल्या मिचोआकान विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आणल्या गेल्या. तिथे त्यांची वीण वाढली. २०१२ मध्ये ४० नर आणि ४० माद्या मोठ्या कृत्रिम तळ्यांत सोडण्यात आल्या. टाकीत वेळेवर खाणं मिळणाऱ्या या माशांना तिथे अन्नाची टंचाई, परजीवी, पक्षी, साप आणि कासवं यांच्याशी सामना करायला शिकायचं होतं. काही वर्षांत त्यांची संख्या सुमारे दहा हजारांवर गेली. नदीतले परजीवी, सूक्ष्मजीव आणि विषारी घटक तपासल्यानंतर त्यातले दीड हजार मासे खुणा करून तेउचित्लानच्या नदीत सोडले गेले. त्याआधी काही काळ त्यांना नदीतच तरंगत्या पिंजऱ्यांत ठेवून नव्या पाण्याची सवय करून दिली होती.

हे मासे नदीत मरणारच, असं या कामात सुरुवातीपासून असलेल्या ओमार डोमिंगेझ या शास्त्रज्ञाला अनेकांनी सांगितलं होतं. ती भीती अनाठायी नव्हती. अतिदक्षता विभागातून बरा झालेला रुग्ण घरी जातो, तेव्हा पुढचं सगळं घरावर अवलंबून असतं. घरात धूर, ओल आणि दूषित पाणी तसंच असेल, तर महिनाभरात तो पुन्हा खाटेवर दिसतो. माशाचंही तेच. ज्या कारणांनी तो गेला ती नदीत कायम असतील, तर कितीही मासे सोडले तरी उपयोग नाही. आणि नदीतली ती कारणं दूर करणं प्रयोगशाळेच्या हातात नव्हतं, गावाच्या हातात होतं.

गावाला सुरुवातीला यात काही रस नव्हता. न खाता येणाऱ्या बोटभर माशासाठी एवढा आटापिटा कशाला, असाच लोकांचा सूर होता. मग कार्यकर्त्यांनी बाहुल्यांचे खेळ सुरू केले. खेळांतून हा मासा काय खातो, कुठे राहतो, डासांच्या अळ्या कशा फस्त करतो, हे सांगितलं. माशाला 'झूगी' असं लाडकं नाव पडलं, त्याची व्यंगचित्रं निघाली. त्यातून 'नदीचे राखणदार' हा गट उभा राहिला. त्यात बहुतेक मुलंच आहेत. ती नदीतला कचरा गोळा करतात, काठ साफ ठेवतात, बाहेरून आलेल्या वनस्पती उपटतात. नदीच्या काही भागांत आता गुरं पाण्यावर सोडली जात नाहीत. परक्या माशांची संख्याही घटली आहे.

सोडल्यानंतर पहिल्या सहा महिन्यांतच झूगीची संख्या ५५ टक्क्यांनी वाढली. २०२१ च्या अखेरीस तो नदीच्या आणखी एका भागात पसरल्याचं आढळलं. पाठोपाठ नोव्हेंबर २०२२ मध्ये, पूर्वजांच्या स्मरणाच्या सणात, सोनेरी स्किफिया हा याच नदीतून नाहीसा झालेला दुसरा मासा तिथे परत सोडण्यात आला. आपल्या पितृपक्षाप्रमाणे त्या सणात गेलेली माणसं घरी येतात अशी श्रद्धा असते. त्याच दिवसांत नदीतून गेलेला मासा घरी परतला.

डासांबद्दल मात्र एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. डेंगी पसरवणारा एडिस डास मुख्यतः घराच्या आसपास साठलेल्या पाण्यात वाढतो. उघडी पिंपं, कुंड्यांखालच्या ताटल्या, टायर, कूलर ही त्याची घरं. नदीतला मासा तिथपर्यंत पोहोचत नाही. म्हणून नदीत मासे वाढले की डेंगी जाईल, अशी समजूत मुलांनी करून घेऊ नये. नदीकाठच्या साचलेल्या पाण्यातल्या इतर डासांना मासे आळा घालतात. पण या कामाचा आरोग्याला होणारा मोठा फायदा वेगळाच आहे. पाण्यात डासाची अळी पाहिलेलं मूल घरी येऊन पिंपावर झाकण ठेवतं आणि आईबाबांनाही ठेवायला लावतं. नुसत्या भित्तिपत्रकांतून हे क्वचितच साधतं.

अशा कामात शाळेचं महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. प्रकल्पाला मुदत असते. निधी संपतो, संशोधक दुसरीकडे जातात, अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात. शाळेत मात्र दरवर्षी नवी पहिली भरते. मोठ्या वर्गातल्या मुलांनी धाकट्यांना नदी दाखवायची प्रथा पडली, तर राखणदारांची फळी कधी रिकामी होत नाही. आणि ती टिकली नाही, तर परतलेला मासा पुन्हा जायलाही वेळ लागणार नाही.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळण कोंडीत गावकऱ्यांनी श्रद्धेपोटी मासे पिढ्यान्‌पिढ्या जपले आहेत. देवीचे मासे म्हणून ते कुणी धरत नाही. पण अशा जागा थोड्याच आहेत. इतर नद्यांत आणि धरणांत आज चिलापीसारखे बाहेरचे मासे मुलांच्या ओळखीचे आहेत. खडस, मळ्या, दंडवण ही नावं आजोबांना माहीत असतात, नातवाला नसतात. ज्याचं नाव माहीत नाही, ते गेल्याचं दुःखही होत नाही.

आपल्याकडच्या शाळांना सुरुवात करायला प्रयोगशाळा लागत नाही. गावातल्या मासेमारी करणाऱ्या मंडळींना वर्गात बोलवावं, नदीत पूर्वी कोणते मासे मिळत आणि आता कोणते मिळतात याची यादी मुलांकडून करून घ्यावी, स्थानिक नावं लिहून घ्यावीत. तीच यादी दरवर्षी पुन्हा करावी. काही वर्षांनी ती वही गावाच्या नदीचा आरोग्य तपासणी अहवाल ठरेल. डासांच्या अळ्या खाणारे देशी मासेही आहेत. डोक्यावर चमकता ठिपका असलेला, पाण्याच्या पृष्ठभागालगत पोहणारा पिकू हा त्यातलाच. तो ओढ्यात आहे का, हे मुलांना काठावरूनही पाहता येईल.

दोन पथ्यं मात्र कटाक्षाने पाळायला हवीत. पहिलं पथ्य माशांसाठी. घरच्या काचेच्या टाकीतले मासे किंवा मोहिमेतले गप्पी नदी, ओढ्यात, तळ्यात कधीही सोडू नयेत. 'मुक्त केले' म्हणून ते पुण्य होत नाही. उलट तिथल्या मूळच्या माशांचं घर हिरावलं जातं आणि टाकीतले रोगही सोबत जातात. देशी मासेसुद्धा एका नदीतून दुसरीत मुलांनी किंवा शिक्षकांनी स्वतःहून सोडू नयेत. तेउचित्लानमध्ये ते काम वर्षानुवर्षांच्या तपासण्यांनंतर तज्ज्ञांनीच केलं.

दुसरं पथ्य मुलांसाठी. नदीसफाई भर पावसाळ्यात किंवा पूर ओसरल्याबरोबर ठेवू नये. उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. त्याचे जंतू त्वचेवरच्या जखमांतून शरीरात शिरतात. पायाला किंवा हाताला जखम असलेल्या मुलाने पाण्यात उतरू नये. इतरांनी गमबूट आणि हातमोजे घालावेत, काच आणि पत्रा मोठ्यांनीच उचलावा, घरी गेल्यावर साबणाने हातपाय धुवावेत. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणं किंवा डोळे लाल होणं अशी लक्षणं दिसली, तर अंगावर न काढता डॉक्टरांकडे जावं आणि मूल नदीत उतरलं होतं हे आवर्जून सांगावं. खोल पाण्याजवळ मुलांना मोठ्या माणसाशिवाय कधीच पाठवू नये.