रक्तांतील मेद आणि रोहिणीचा दाह

काल चालताबोलता असलेला गृहस्थ आज हृदयविकाराच्या झटक्यानें गेला, असें ऐकिलें म्हणजे 'अकस्मात् घात झाला' असे उद्गार आपल्या मुखावाटे निघतात. परंतु हा घात सहसा अकस्मात् होत नाहीं. कोरियाच्या युद्धांत मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांचीं हृदयें डॉक्टरांनीं तपासलीं. त्यांचें सरासरी वय अवघें २२ वर्षांचें. तरीहि शेंकडा ७७ जणांच्या हृदयरोहिण्यांत रोगाच्या खुणा आढळल्या. ही हकीकत १९५३ सालीं प्रसिद्ध झाली. तेव्हां आमच्या विद्यार्थिमित्रांनीं हा वृद्धांचा विषय म्हणून पान उलटूं नये.

तेल पाण्यांत मिसळत नाहीं, हें आपण स्वयंपाकघरांत पाहतोंच. रक्ताचा द्रवभागहि बहुतांशीं पाणीच. म्हणून शरीर मेदाभोंवतीं प्रथिनाचें वेष्टण घालून त्याचे सूक्ष्म कण रक्तांतून पाठवितें. ह्यांस लायपोप्रोटीन म्हणतात. त्यांपैकीं एलडीएल नांवाचे कण कोलेस्टेरॉल वाहून नेतात. ते प्रमाणाबाहेर वाढले म्हणजे रोहिणीच्या अस्तरांतून तिच्या भिंतींत शिरतात आणि तेथेंच अडकून पडतात.

१९१३ सालीं रशियांत आनिच्कोव ह्यांनीं सशांना सूर्यफुलाच्या तेलांत विरघळविलेलें कोलेस्टेरॉल चारलें, तों त्यांच्या रोहिण्यांत मेद सांचला. उलटपक्षीं जर्मन पंडित विर्खो ह्यांनीं १८५६ मध्येंच ह्या रोगांत दाहास महत्त्व दिलें होतें. खरें कोणाचें? आमच्या मतें दोघांचेंहि. अडकलेल्या मेदाचा समाचार घेण्यास रक्तांतील पांढऱ्या पेशी धांवून येतात, तो गिळून गिळून फुगतात व तेथेंच मरतात. पहारेकऱ्यांनींच घरांत दंगा मांडावा, तसा हा प्रकार. हाच तो दाह. ह्या मेदाच्या गळवावर तंतूंचें आच्छादन धरतें. दाहानें तें झिजून फुटलें कीं तेथें रक्त गोठतें व वाट बंद होते. म्हणूनच रोहिणी फारशी अरुंद नसतांहि मनुष्य दगावूं शकतो.

२०१७ सालीं, पूर्वीं झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रोग्यांवरील प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. केवळ दाह शमविणाऱ्या औषधानें, एलडीएल न घटतांहि, पुढील आघात सुमारें शेंकडा १५ नें कमी झाले. मात्र प्राणघातक जंतुसंसर्ग किंचित् वाढले. दाह हा शरीराचा रक्षकहि आहे ना!

कित्येक घराण्यांत एलडीएल जन्मतःच अधिक असतें. सुमारें २५० माणसांत एकास हा वारसा मिळतो. बहुधा यकृतास हे कण रक्तांतून पुरेसे उचलतां येत नाहींत. हें कोडें उलगडणाऱ्या ब्राऊन व गोल्डस्टीन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांस १९८५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. असें मूल सडपातळ व खेळांत चपळहि असूं शकतें. ज्या घरीं वडील किंवा काका पन्नाशीच्या आंत हृदयविकारानें गेले असतील, तेथील पालकांनीं मुलांचें रक्त एकदां तपासून घ्यावें, अशी आमची विनंती आहे.