जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्स कोणते?
१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मोफत सुरक्षा-अपडेट्सची नियमित सेवा थांबली आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय नसलेले कितीतरी धडधाकट लॅपटॉप विंडोज ११ च्या नियमात बसत नाहीत. ते भंगारात काढणे मला अन्यायाचे वाटते. लिनक्सकडे वळायचे ठरवले की शेकडो वितरणे समोर येतात आणि नवखा माणूस तिथेच गोंधळतो. माझ्या मते त्याने लिनक्स मिंट घ्यावे. खाली डावीकडे मेन्यू, तळाशी पट्टी, ही मांडणी हाताला सवयीची असते. मिंट २२ चा पाया उबुंटू २४.०४ आहे आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळतील, म्हणजे दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती चढवण्याची कटकट नाही. अपडेटने काही बिघडलेच, तर आधी टाइमशिफ्ट या साधनाने घेऊन ठेवलेल्या नोंदीवरून प्रणाली पूर्ववत करता येते. मशीन अगदीच अशक्त असेल तर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी.

मग थेट उबुंटू का नको? तेही उत्तमच, पण त्याचा डेस्कटॉप नव्याने शिकावा लागतो. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे; ज्यांचे रोजचे काम त्यावर चालते, त्यांनी विंडोज काढू नये. बाकीच्यांना मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो, पत्रे-हिशेबांना लिबरऑफिस पुरते. आणि हे कुणाच्या शब्दावर मान्य करायचे कारण नाही: पेनड्राइव्हवरून मिंट इन्स्टॉल न करताच सुरू करा, वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा, इन्स्टॉलचे बटण दाबेपर्यंत हार्डडिस्कवरची माहिती आहे तशीच राहते.