डब्यातली हवा खळखळते

भाच्याने जुनी गाडी घेतली आणि रविवारी सकाळची त्याची गाडीसेवा सुरू झाली. परवा खाली पार्किंगमध्ये गेलो तर हा काचा वर करून आत बसलेला. हातात बारीक लाल नळी लावलेला डबा, आणि एसीच्या जाळ्यांतून फुस्स फुस्स करत धूळ उडवणं चाललेलं. काचा वर कशाला, तर बाहेरची धूळ आत यायला नको! मी दार उघडलं.

"नुसती हवा आहे मामा, काही होत नाही."

डबा घेतला आणि त्याच्या कानाशी नेऊन हलवला. खळखळ आवाज आला. हवा कधी खळखळते का?

साधा हिशेब करू. त्या एवढ्याशा डब्यात बाहेरच्या सहापट दाबाने खरी हवा कोंबली, तर बाहेर आल्यावर ती दोन-अडीच लिटर भरेल. चार फुस्स, की डबा संपला. प्रत्यक्षात तो कितीतरी वेळ पुरतो, कारण आत हवा नसतेच. आत असतो एक द्रव, बहुतेक वेळा डायफ्लुरोइथेन नावाचा. तो शून्याखाली २५ अंशांनाच उकळतो. म्हणजे आपल्या खोलीतली ऊब त्याच्या दृष्टीने धगधगती चूल. डब्याच्या पत्र्याने दाबून धरलंय म्हणून तो द्रव राहिलाय, एवढंच. बटण दाबलं की वरचा वायू सुटतो, दाब घटतो, खालचा द्रव उकळतो आणि तेवढाच नवा वायू तयार होतो.

स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर असाच चालतो. चहाच्या टपरीवर मोठी शेगडी तासन्‌तास पेटलेली असली की सिलिंडरला खालून घाम फुटतो, तो कुठपर्यंत आलाय त्यावरून चहावाला आत किती गॅस उरलाय ते ओळखतो. द्रव उकळताना स्वतःचीच उष्णता खर्च करतो, म्हणून पत्रा गार पडतो. भाच्याच्या हातातला डबाही गार पडला होता. तो उलटा धरला असता, तर वायूऐवजी द्रवच बाहेर आला असता आणि बोटांची कातडी थंडीनेच भाजली असती.

आता गाडीचा हिशेब. अमेरिकेत धूळ उडवायचा असा १० औंसांचा डबा सर्रास मिळतो, म्हणजे सुमारे २८० ग्रॅम. त्या द्रवाचा वायू झाला की तो शंभर लिटरच्या आसपास जागा व्यापतो. लहान गाडीच्या आत साधारण तीन हजार लिटर हवा मावते. हा वायू हवेत शेकडा चारच्या आसपास झाला की ठिणगीने पेटू शकतो. अख्खा डबा नीट मिसळला तर साडेतीन टक्के भरतात, थोडक्यात वाचलो म्हणायचं.

पण तो नीट मिसळत नाही. हा वायू हवेच्या सव्वादोनपट जड. पाण्यासारखा उतरतो आणि पायांपाशी, पायपुसण्यांवर साचतो. तिथल्या पाचशे लिटर जागेत चार टक्के व्हायला डब्याचा पाचवा हिस्सा पुरतो. घरच्या गॅसला मुद्दाम घाण वास मिसळलेला असतो, गळती झाली की शेजारीणही ओरडते. इथे तसा चौकीदार नाही.

आणि ठिणगी? डबा मारून झाल्यावर माणूस काय करतो? धूळ निघाली का बघायला एसी लावतो. बहुतेक गाड्यांत एसीचा पंखा डॅशबोर्डखाली, चालकाशेजारच्या माणसाच्या पायांपाशी असतो. म्हणजे नेमका तिथे, जिथे वायू साचलाय. पुष्कळ गाड्यांत त्या पंख्याच्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश असतात आणि मोटर फिरताना ते बारीक ठिणग्या टाकतात. एवढी चोख जुळणी कुणी मुद्दाम ठरवूनही केली नसती!

मग असला पेटणारा वायू डब्यात भरतात तरी कशाला? याचं उत्तर मला या सगळ्या प्रकरणापेक्षा जास्त थक्क करतं.

१९३० साली थॉमस मिजली या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने आपल्या नव्या शीतक वायूचं प्रात्यक्षिक दाखवताना तो स्वतः हुंगला आणि बाहेर सोडून जळती मेणबत्ती विझवली. वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध. क्लोरीन आणि फ्लोरीनच्या त्या वायूंनी पुढे फ्रिज भरले आणि फवारणीचे डबेही. त्यांच्यातल्या सगळ्यात गाजलेल्या वायूत हायड्रोजनचा एकही अणू नव्हता, म्हणून तो पेटत नव्हता. आणि म्हणूनच तो मरतही नव्हता. उन्हामुळे हवेत हायड्रॉक्सिल नावाचे क्षणभर जगणारे कण तयार होतात, ते वायूंमधला हायड्रोजन ओरबाडून त्यांना मोडतात. इथे ओरबाडायला काहीच नव्हतं. तो शंभर वर्षं टिकायचा, वर चढायचा आणि तिथे ओझोन खायचा. १९८७च्या माँट्रियल करारानंतर तो हटला.

त्याच्या जागी आलेल्या वायूत हायड्रोजनचे दोन अणू होते. आयुष्य १४ वर्षांवर आलं, तो पेटतही नव्हता. पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून पुढे. मग आला भाच्याच्या डब्यातला हा: हायड्रोजनचे चार अणू, आयुष्य जेमतेम दीड वर्ष, तापवणंही दहा पटींनी कमी. ज्या हायड्रोजनमुळे तो आभाळात लवकर मोडतो, त्याच हायड्रोजनमुळे तो पायपुसण्यावर पेटतो. आभाळावरचं संकट आपण उतरवून गाडीत आणून ठेवलं, असं म्हटलं तर रसायनतज्ज्ञ रागावतील, पण फार नाही. शिवाय पेटल्यावर त्यातल्या फ्लोरीनमधून हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. फुफ्फुसं आणि डोळे जाळणारा हा वायू बंद गाडीत नकोच.

डबा गाडीत विसरणं ही वेगळी गंमत. अ‍ॅरिझोनातल्या अभ्यासकांनी उन्हाळ्यात भर उन्हात उभ्या गाड्यांचं तापमान मोजलं आणि २०१८ साली ते प्रसिद्ध केलं. तासाभरात आतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली, डॅशबोर्ड ६९ वर. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात तर बाहेरचीच हवा ४५ पार करते. डब्यातला दाब २५ अंशांना सुमारे सहापट असतो, ५० अंशांना जवळपास बारापट. म्हणून डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: ५० अंशांच्या वर नको. डिओडरंटच्या डब्यालाही हेच लागू. त्यात तर बहुतेक वेळा स्वयंपाकाच्या गॅसचाच बिनवासाचा भाऊ असतो.

भाच्याच्या डब्यातला वायू काहीजण नशेसाठी हुंगतात. त्याने हृदयाची लय क्षणात बिघडून माणूस जाग्यावर जाऊ शकतो, अगदी पहिल्याच वेळी. मिजलीच्या मेणबत्तीची नक्कल कुणी करू नये.

एवढं सगळं पार्किंगमध्ये उभ्या-उभ्या ऐकून भाच्याने चारही दारं सताड उघडली. एसीला हात लावला नाही. अर्ध्या तासाने आम्ही कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. म्हटलं, याच्या कॉम्प्रेसरमध्ये तरी खरी हवा आहे. त्याने नळी काढण्याआधी टाकीच्या तळाची तोटी फिरवली आणि गढूळ पाण्याची धार रस्त्यावर सोडली.

भाचा माझ्याकडे बघायला लागला. "मामा, यातही पाणी?"

"ते हवेतलंच," पंक्चरवाला म्हणाला. "दाबली की सुटतं."