नवं कासव खात का नाही?

मार्च १७८०. इंग्लंडमधले निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांनी आत्याकडचं कासव, टिमथी, जमिनीतून उकरून काढलं आणि मातीच्या खोक्यात घालून घोडागाडीने ऐंशी मैलांवरच्या सेलबर्नला आणलं. खडखडाटाने जागं झालेलं टिमथी बागेच्या टोकापर्यंत दोनदा चालत गेलं. संध्याकाळी गारठा पडताच पुन्हा मातीत शिरलं.

नव्या घरी आलेलं कासव आजही असंच दडून बसतं. पहिले काही दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नाही तरी घाबरायला नको. उचलाउचल मात्र टाळावी.

भूक उबेवर अवलंबून असते. युरोपात पाळल्या जाणाऱ्या हर्मन कासवाला दिव्याखाली ३० ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि सावलीसाठी दुसरं, थंड टोकही. घरात अतिनील-बी किरणांचा दिवा हवाच. त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. पसरट भांड्यात हनुवटीपर्यंत कोमट पाणी घेऊन १५-२० मिनिटं बसवलं, की ते पाणी पितं, पोट साफ होतं.

खायला डँडेलियन, क्लोव्हर, जास्वंदीची पानं-फुलं. फळं, पाव, कुत्र्याचं खाणं नको.

नाकातून बुडबुडे, सुजलेले डोळे किंवा आठवडाभर उपास दिसला, तर पशुवैद्य गाठावा.

भारतात तारा कासव (स्टार टॉर्टॉइज) पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे.