नाजूक प्रकृतीमागचे कारण

आपल्याकडे बहुतेक घराण्यांत एखादी तरी ‘नाजूक प्रकृतीची’ व्यक्ती असते. पावसाळा आला की तिला न्यूमोनिया, सर्दी-सायनस तर बारमाही. घरचे काढा देतात, डॉक्टर अँटिबायोटिक्स देतात, आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच. बँकेत माझ्या एका सहकाऱ्याचे रजेचे अर्ज असेच येत. वरिष्ठ त्याला कामचुकार समजत, घरचे हवेला दोष देत. चाळिशी उलटल्यावर एका डॉक्टरांनी त्याच्या रक्तातील इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिने, मोजून घेतली. ती नावापुरतीच होती!

१९५२ साली ऑग्डेन ब्रुटन या अमेरिकी लष्करी डॉक्टरांना आठ वर्षांच्या एका मुलात हीच उणीव आढळली. ती प्रथिने टोचून त्यांनी त्याला सावरले. त्यामागचे जनुक सापडायला १९९३ साल उजाडले. पण असे विकार फक्त मुलांचे नव्हेत. ‘कॉमन व्हेरिएबल इम्युनोडेफिशियन्सी’ हा प्रकार पुष्कळदा विशी ते चाळिशीत लक्षात येतो. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात प्रतिकारशक्तीच्या अशा ४८५ जन्मजात विकारांची नोंद आहे.

जनुकतपासणी प्रत्येकाला उत्तर देईलच असे नाही. या प्रकारातल्या बहुसंख्य रुग्णांत एकच एक दोषी जनुक सापडत नाही. मात्र सापडले, तर उपचारांची दिशा बदलू शकते. ‘सीटीएलए-४’ हे जनुक प्रतिकारशक्तीला लगाम घालते. त्यातील दोषाने होणारा आजार २०१४ साली उलगडला. हा लगाम सैल पडला की शरीर स्वतःवरच उलटते. अशांना ‘अ‍ॅबाटासेप्ट’ हे औषध देता येते. ते त्या लगामाचेच काम करते.

खरी कसोटी पुढेच असते. हा दोष मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी. शिवाय तो असूनही एखादा भाऊ ठणठणीत दिसू शकतो. उद्या रुग्णाला अस्थिमज्जा देण्याची वेळ आली, तर त्या भावाचीही तपासणी आधी व्हायला हवी. कर्ज देताना आम्ही जामीनदाराचीही पत पाहत असू, त्यातलाच हा प्रकार.

आणि नेमके इथेच आपण रिपोर्ट कपाटात दडवतो. बहिणीचे लग्न ठरायचे आहे, व्याह्यांना काय वाटेल, लोक काय म्हणतील! या भीतीला मी हसणार नाही. ती आपल्या समाजानेच पेरली आहे. पण त्या कागदावर बहिणीच्याही प्रकृतीचा प्रश्न लिहिलेला असतो. तो जगाला दाखवू नका, तिला मात्र दाखवा.

घरात कुणाला वारंवार न्यूमोनिया होत असेल, तर डॉक्टरांना इम्युनोग्लोब्युलिनच्या साध्या रक्ततपासणीबद्दल जरूर विचारा. पुढच्या तपासण्यांसाठी परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही सरकारी संशोधन संस्था आहे. ‘प्रकृतीच नाजूक’ असे म्हणून गप्प बसण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत.